महागडी खुर्ची, कच्ची पावती आणि वॉरंटीचा हक्क

आपल्या बाजारपेठेत पूर्वी दुकान म्हटले की गादी, लोड आणि मांडी घालून बसलेले शेठ असे चित्र होते. आता बीड असो, अंबाजोगाई असो की परळी, काउंटरमागे फिरती खुर्ची आली आहे. हिशेबनीस, डी.टी.पी.वाले, ट्रॅव्हल्सवाले, दवाखानेवाले दिवसाचे दहा-दहा तास खुर्चीत काढतात. पाठ धरू लागली की माणूस पंधरा-वीस हजारांची, कधी त्याहूनही महागडी खुर्ची घेतो. यात आम्हाला उधळपट्टी दिसत नाही. ज्याच्यावर बसून रोजी कमवायची ती वस्तू चांगलीच हवी. आमचा आक्षेप खुर्चीवर नाही, ती ज्या पद्धतीने घेतली जाते त्या पद्धतीवर आहे.

चांगल्या खुर्चीच्या किमतीतला मोठा भाग वॉरंटीचा असतो, हे आपले बांधव विसरतात. अमेरिकेच्या हर्मन मिलर कंपनीची १९९४ साली आलेली एरॉन खुर्ची घ्या. तिची किंमत लाखाच्या पुढे जाते, पण कंपनी १२ वर्षांची हमी लिहून देते. आपल्याकडच्या कंपन्याही आपापल्या परीने हमी देतात. म्हणजे आपण खुर्चीबरोबर पुढच्या काही वर्षांचा एक वायदाही विकत घेत असतो. आणि तो वायदा आपण दुकानातच सोडून येतो. कसा? कच्च्या पावतीवर.

फर्निचरवर १८ टक्के जी.एस.टी. आहे. २५ हजारांच्या खुर्चीवर साडेचार हजार होतात. "बिल नको, तेवढे कमी करा," असे म्हणणारे गिऱ्हाईक आणि "ठीक आहे" म्हणणारा दुकानदार, दोघेही आपल्यातच आहेत. पुढे आठ महिन्यांनी खुर्ची खाली बसू लागते. कंपनीला फोन केला की पहिला प्रश्न येतो, बिल नंबर काय? तिथे बोलणे संपते. जो व्यापारी नियमित जी.एस.टी. भरतो, त्याला धंद्यासाठी घेतलेल्या खुर्चीवरचा हा कर वजावटीत मिळतो. त्याने तर कच्ची पावती घेऊन साडेचार हजारही वाचवले नाहीत आणि हमीही घालवली. कंपोझिशनवाल्यांना ही वजावट नाही, हे खरे. पण करचुकवेगिरी हा काही तोटा भरून काढण्याचा हलाल मार्ग नव्हे, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. हातोहातच्या सौद्याला लिहिण्यातून सूट आहे, तरी साक्षीदार ठेवायला सांगितले आहे. आमच्या मते वॉरंटी हा मुदतीचाच वायदा आहे. मग तो तोंडी का ठेवायचा?

आता बिल आहे, कार्डही आहे, तरी कंपनी दाद देत नाही असे झाले तर? "कोर्टकचेरी कोण करणार, माल पुण्याचा, आपण बीडचे," असे म्हणून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्यात ही अडचण खरी होती. विक्रेता जिथे असेल किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले असेल, तिथेच जावे लागे. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि ग्राहक जिथे राहतो किंवा रोजगार करतो तिथेच तक्रार करण्याची मुभा मिळाली. पुण्याहून घेतलेल्या खुर्चीची तक्रार बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कंपनीला पत्रांवर पत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाही.

पण व्यापाऱ्यांसाठी यात एक मेख आहे, आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. धंद्यासाठी माल घेणारा सरसकट 'ग्राहक' ठरत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्या लघुउद्योगाने कोइम्बतूरच्या संस्थेकडून मशीन घेतले. ते सदोष निघाल्याची तक्रार झाली, राज्य आयोगाने भरपाई दिली, राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली आणि एप्रिल १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही उद्योगाच्या विरुद्धच निकाल दिला. मात्र त्याच निकालात कारागिरांच्या कामाची गोष्ट आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा किंवा लेथ मशीन घेणारा माणूस ग्राहकच आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे ठेवली म्हणून त्याचा हक्क जात नाही, असे कोर्टाने म्हटले. पुढे २०१९ मध्ये मुंबईच्या लीलावती ट्रस्टने परिचारिकांसाठी घेतलेल्या सदनिकांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने खरेदीचा मुख्य हेतू काय, तो थेट नफ्याशी जोडलेला आहे का, हे पाहिले आणि ट्रस्टला ग्राहक मानले.

यावरून आमचे मत असे की, एकट्याने टायपिंग किंवा डिझाइनचे काम करणाऱ्याने आपल्या एका खुर्चीसाठी बेधडक आयोगाकडे जावे. ज्या फर्मने ऑफिससाठी वीस खुर्च्या घेतल्या, तिला "तुम्ही ग्राहक नाही" हा आक्षेप ऐकावा लागण्याचा संभव आहे. तिने आपल्या वकिलाला आधी विचारावे. १९३० च्या मालविक्री कायद्याखाली दिवाणी दाव्याचा रस्ता तिला मोकळा आहेच. पण तो लांबचा रस्ता आहे, म्हणून खरेदीच्या वेळीच कराराचे कागद पक्के करावेत. कारागीर घरी येऊन दुरुस्ती करणार की खुर्ची पाठवावी लागणार, भाडे कोणाचे, गादी-कापडाला किती मुदत आणि हायड्रॉलिकला किती, हे लिहून घ्यावे. मराठवाड्यातून खुर्ची पुण्याला पाठवून परत आणण्याचा खर्च काही वेळा दुरुस्तीपेक्षा जास्त होतो.

आता आपल्याच दुकानदारांना दोन शब्द. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी आता उतरवा. बिल न देणे आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसल्यास तीस दिवसांत, परत न घेणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आपल्यासाठी यात नवे काहीच नाही. फिक्हमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणून जो हक्क सांगितला आहे, तो हाच. मालात आधीपासूनचा दोष निघाला तर गिऱ्हाइकाला सौदा मोडता येतो. प्रेषित (सल्ल.) यांनी धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला दाणा पाहिला आणि विकणाऱ्याला जाब विचारला, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. कंपनीकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला वाटेला लावणारा दुकानदार त्या ढिगाची वरची बाजूच दाखवत असतो.

राहिले दुरुस्तीवाले. निजामाच्या काळात बीडची चामड्याची छागल नावाजलेली होती, हातात हुन्नर असलेल्यांचे हे शहर. खुर्चीची गादी बदलणारे, वेल्डिंग करणारे आजही कमी नाहीत. पण मुदतीतली खुर्ची बाहेरच्या माणसाने उघडली की कंपनी बहुधा हात वर करते, आणि दोष मूळचा होता की नंतरचा, हे आयोगापुढे सिद्ध करणेही अवघड होते. म्हणून कारागिराने आधी बिलाची तारीख विचारावी आणि मुदत शिल्लक असेल तर काम नाकारावे. शंभर-दोनशे रुपये जातील, गिऱ्हाईक जन्माचे होईल. मुदत संपलेली खुर्ची जरूर दुरुस्त करावी, मात्र हायड्रॉलिकच्या नळीला कधीही वेल्डिंग करू नये. तिच्यात जास्त दाबाचा नायट्रोजन वायू असतो आणि तापल्यावर ती फुटू शकते. ती नळी बदलायचीच असते. केलेल्या कामाची तीन-चार महिन्यांची हमी आपल्या छापील पावतीवर, सहीनिशी द्यावी.

ज्यांच्या खुर्चीची मुदत चालू आहे त्यांनी बिल आणि कार्डाचे फोटो आजच काढून ठेवावेत. थर्मल कागदावरची अक्षरे वर्षभरात उडून जातात. कंपनीकडे तक्रार लेखी करून तिचा नंबर घ्यावा. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.