टोकणारे आणि तोंड दाबणारे

कळंब्याच्या तलावावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांच्या घोळक्यात एक तक्रार ठरलेली असते. हल्लीच्या मुलांना ऐकून घेण्याची सवय राहिली नाही, महाविद्यालयात पुढारी बोलायला उभा राहिला की घोषणा सुरू होतात. तेव्हा वादग्रस्त माणसाला बोलावूच नये. यातल्या तक्रारीशी आम्ही निम्मे सहमत आहोत. तिच्यावरचा उपाय मात्र आम्हाला घातक वाटतो.

मुळात हल्लीची मुले बिघडली, हे खरे नाही. 1895 साली पुण्यात राष्ट्रीय सभेच्या मंडपात सामाजिक परिषद भरू देणार नाही, असा हट्ट धरला गेला आणि रानड्यांना ती अन्यत्र भरवावी लागली. 1907 मध्ये सुरतेच्या अधिवेशनात व्यासपीठावर येऊन पडलेला जोडा मराठी बांधणीचा होता, हे आम्ही अजून थोड्या खाजगी अभिमानाने सांगतो. तो अभिमान आता सोडलेला बरा.

पण विद्यापीठात भाषण बंद कोण पाडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण काशीचे आहे. फेब्रुवारी 1916 मध्ये हिंदू विद्यापीठाच्या समारंभात गांधी संस्थानिकांच्या दागिन्यांवर आणि बॉम्बवाल्या तरुणांवर बोलू लागले. विद्यार्थी ‘बोला, बोला’ म्हणून ओरडत होते. थांबा म्हणाल्या त्या ॲनी बेझंट, आणि सभा मोडली ती व्यासपीठावरची थोर मंडळी उठून गेल्यामुळे.

आता आमच्या गावाकडे येऊ. डिसेंबर 2014 मध्ये गोविंद पानसरे शिवाजी विद्यापीठात बोलले. नथुरामाच्या उदात्तीकरणावर त्यांनी टीका केली, तेव्हा श्रोत्यांतून हरकत घेतली गेली, खटल्याची भाषाही झाली. ती हरकत आम्हाला मुळीच पटत नाही. तरीही ती घेणाऱ्याचा हक्क आम्ही मान्य करतो. तो माणूस सभेत आला होता, त्याने ऐकले होते, चार लोकांदेखत तोंड उघडले होते. 16 फेब्रुवारी 2015 च्या सकाळी गोळ्या झाडणारे मोटारसायकलवरून आले. त्यांना काहीच विचारायचे नव्हते. या दोहोंना एकाच ‘असहिष्णुते’च्या माळेत ओवणे म्हणजे विचार करण्याचा कंटाळा.

आणि तिसरा प्रकार, ज्याची कोणी निंदा करत नाही, तो कागदावर चालतो. ऑगस्ट 2023 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पाचवडच्या महाविद्यालयात एका व्याख्यानावरून वाद झाला. पानसऱ्यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या पुस्तकाचा संदर्भ देणाऱ्या प्राध्यापिकेवर कारवाई करा, असे पत्र पोलिसांनी महाविद्यालयाला धाडले. पुढच्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर ते मागे घेतले गेले. मुलांचा आरडाओरडा तासाभरात विरतो. पत्राची प्रत मात्र फायलीत राहते, आणि पुढच्या प्राचार्यांना ती न वाचताही पाठ असते.

निदर्शनांच्या व हिंसेच्या धमकीपुढे नमून अभिव्यक्ती दडपता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रंगराजन खटल्यात 1989 सालीच सांगितले आहे. तो खटला एका तमिळ चित्रपटाचा होता. आमच्या संस्थाचालकांना बहुधा तेवढ्यामुळेच तो लागू वाटत नसावा.

आमच्या बाजूच्या मंडळींनाही एक बोल लावायचा आहे. नकोसा पुढारी आला की टाळ्यांच्या गजरात त्याचा शब्द बुडवणे आणि मग स्वतःच स्वतःची पाठ थोपटणे, हे आपणही केले आहे. काळा झेंडा दाखवा, पाठ फिरवून उभे राहा, वाक्यावाक्याला टोका. बोलणाऱ्याला पुढचे वाक्य उच्चारताच येऊ नये अशी व्यवस्था केलीत, की शेजारच्या श्रोत्याचा ऐकण्याचा हक्कही तुम्ही हिरावून घेता. त्या श्रोत्याने तुम्हाला मुखत्यारपत्र दिलेले नसते.

प्राचार्यांकडे आमची मागणी फार नाही. बोलवा, टोकणाऱ्याला टोकू द्या, सभा मोडणाऱ्याला शिपायाकरवी दाराबाहेर न्या, ठाण्यात फोन करू नका. आणि भाषणानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा. तेवढा वेळ आपल्याकडे आजवर आभारप्रदर्शनाला आणि संस्थापकांच्या प्रतिमेला हार घालण्यालाच लागत आला आहे.