बैलगाडा शर्यत सुरू झाली, पण रिटायर झालेल्या बैलाचं पुढं काय?

चैत्र लागला की मोबाईलवर एकाच प्रकारचे रील्स सुरू होतात. घाटात उधळलेला भंडारा, पुढं घोडी, मागं जीव तोडून पळणारे बैल आणि स्पीकरवर बेंबीच्या देठापासून ओरडणारा निवेदक. काही सेकंदांत बारी संपते. खाली कमेंट्सचा पाऊस पडतो आणि बैलाचं नाव गावोगावी होतं.

पण त्याच बैलाचा वेग कमी झाला, पायाला दुखापत झाली किंवा वय झालं की पुढं काय होतं? त्याचं रील सहसा दिसत नाही.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हा बैलगाड्याचा बालेकिल्ला. त्यामुळे हा प्रश्नही सगळ्यात आधी इथलाच आहे.

आधी शर्यतीचा कायदा थोडक्यात

जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत केला. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टूसोबत बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण प्रकरण कोर्टात अडकलं. शेवटी १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

आता शर्यत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची वैद्यकीय तपासणी लागते. बैलाला वेदना होतील असं काही केलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे भर कशावर आहे? शर्यतीच्या दिवसावर. बैल घाटातून कायमचा बाहेर पडल्यावर त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न या सगळ्या वादात मागेच राहिला.

मग आत्तापर्यंत काय व्हायचं?

पूर्वी याचं उत्तर शेतीत होतं. शर्यतीचा बैल औताला, गाडीला जुंपला जायचा. आता बहुतेक ठिकाणी नांगरट ट्रॅक्टरने होते. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या गायवर्गातल्या नर जनावरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. कारण सरळ आहे, बैलाला काम उरलं नाही.

दुसरा रस्ता बाजाराचा होता. गायीच्या कत्तलीवर राज्यात १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा मोडला तर ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला कायदेशीर गिऱ्हाईक जवळपास राहिलंच नाही. ही बंदी बरोबर की चूक, हा वेगळा वाद. पण तिचा एक परिणाम उघड आहे. बैल मरेपर्यंत त्याला कुणीतरी सांभाळायचं आहे आणि तो खर्च मालकाच्या खिशातून जातो.

शर्यतीच्या बैलाचा खुराक म्हणजे दूध, अंडी, डाळींचा भरडा. बैल जिंकत असतो तोवर हा खर्च हौसेने होतो. त्याची किंमत लाखांत लागते, त्याच्या नावाने मालकाला ओळखतात. पण बैल पंधरा-वीस वर्षं जगू शकतो आणि जोरात पळण्याची वर्षं त्यातली थोडीच असतात.

अनेक मालक बैलाला शेवटपर्यंत दावणीला ठेवतात. बैल गेल्यावर दशक्रिया विधी करणारी, समाधी बांधणारी घरंही याच भागात आहेत. हे प्रेम खोटं नाही. पण एखाद्या जनावराचं म्हातारपण फक्त मालकाच्या ऐपतीवर सोडायचं का, हा खरा प्रश्न आहे.

ग्रेहाउंडच्या बाबतीत काय झालं?

हाच प्रश्न ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांबाबत उभा राहिला. हे कुत्रे साधारण दीड वर्षाचे झाले की पळायला लागतात आणि चार-पाच वर्षांचे होईतो निवृत्त होतात. त्यांचं आयुष्य मात्र बारा वर्षांच्या आसपास असतं. नको झालेले कुत्रे मारून टाकण्याच्या प्रकारांवरून या खेळावर प्रचंड टीका झाली.

त्यातून 'फॉस्टर' घरांची पद्धत रुजली. फॉस्टर म्हणजे मधलं घर. शर्यतीचा कुत्रा आयुष्यभर पिंजऱ्यांच्या ओळीत वाढलेला असतो. जिना कसा चढायचा, काचेचं दार म्हणजे काय, वॉशिंग मशीनचा आवाज कशाचा, हे त्याला ठाऊक नसतं. छोटं जनावर दिसलं की मागे धावायचं, एवढंच तो शिकलेला असतो. त्यामुळे त्याला थेट कायमच्या घरी न देता काही आठवडे एखाद्या कुटुंबात ठेवतात. तो मुलांसोबत कसा वागतो, मांजर चालतं का, एकटा राहतो का, हे ते कुटुंब बघतं. मग त्याला जुळेल असं घर शोधलं जातं.

पैशाचीही सोय आहे. ब्रिटनमध्ये २०२० पासून प्रत्येक कुत्र्यामागे ४०० पौंडांचा निवृत्ती निधी सुरू झाला. त्यात निम्मे पैसे मालकाचे आणि निम्मे नियामक मंडळाचे. तरीही टीका थांबलेली नाही. न्यूझीलंड सरकारने तर डिसेंबर २०२४ मध्ये या शर्यती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे निवृत्तीची सोय करून खेळाला कायमचं अभय मिळत नाही. पण ती सोय नसेल, तर खेळाची बाजू आणखी लंगडी पडते.

हे घाटघरला जमेल का?

बैल काही सोफ्यावर झोपणार नाही. त्याचं 'घर' म्हणजे गोठा आणि झेपेल एवढं हलकं काम. आणि इथेच घाईत चूक होऊ शकते.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाट आणि जीवधनजवळ घाटघर आहे. डोंगर उतारावरची छोटी भातखाचरं, तुफान पाऊस. अशा खाचरात ट्रॅक्टर नेणं अवघड, म्हणून चिखलणीला बैल लागतो. वाटतं की निवृत्त बैल इथेच द्यावेत, दोघांचंही भलं होईल.

पण शर्यतीत पळतो तो प्रामुख्याने खिल्लार. तो सोलापूर, सांगली, साताऱ्याकडच्या कोरड्या माणदेशी हवेतला बैल. सह्याद्रीच्या पावसात टिकणारी जात डांगी. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे पावसाचा त्रास कमी होतो. उतारवयातल्या खिल्लारला घाटघरच्या आषाढात चिखलात उतरवणं म्हणजे त्याची सोय नव्हे, शिक्षा होईल. त्याच्यासाठी तालुक्याच्या पूर्वेचा आणे पठारासारखा कोरडा भाग जास्त योग्य.

शिवाय सवयीही बदलाव्या लागतात. हलगी आणि आरोळी ऐकली की उसळी मारायची, हे अंगात भिनलेल्या बैलाला औतामागे संथ चालणं नव्याने शिकवावं लागतं. त्याचा खुराकही हळूहळूच बदलावा लागतो. रवंथ करणाऱ्या जनावराचा आहार एकदम बदलला की पोट बिघडतं. म्हणजे मधल्या घराची गरज बैलालाही आहेच.

काय करता येईल?

यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे आधीच आहेत. पहिली, कानातला बारा अंकी बिल्ला. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. शर्यतीतल्या प्रत्येक बैलाची नोंद याच क्रमांकावर ठेवली, तर तो पुढं कुठे गेला हे कळू शकतं.

दुसरी गोष्ट, पैसा. यात्रेत रोख बक्षिसं, दुचाकी, ट्रॅक्टर लागतात. प्रत्येक शर्यतीच्या बक्षिसातला छोटा हिस्सा बैलांच्या निवृत्ती निधीत गेला, तर गरीब मालकालाही आधार मिळेल. सरकारने २०२४ मध्ये गोशाळांसाठी दिवसाला ५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं, पण ते देशी गायींसाठी आहे. बैलांचं काय, हे शर्यतप्रेमींनीच विचारायला हवं.

बैलगाडा ही आमची परंपरा आहे, बैल आमच्या घरातला सदस्य आहे, असं संघटनांनी वर्षानुवर्षं सांगितलं. कोर्टाने शर्यतीला मान्यता दिली. आता घरातल्या सदस्याचं म्हातारपण कसं जातं, हे दाखवायची वेळ आहे. पुढच्या यात्रेत 'घाटाचा राजा' कोण झाला हे सगळे विचारतील. दहा वर्षांपूर्वीचा राजा आज कुठल्या दावणीला आहे, हेही एकदा विचारून बघा.