भिंतींची नक्कल

परक्या देशाची दंडव्यवस्था अभ्यासायला गेलेला विद्यार्थी तिथल्या भिंती पाहून येतो की भिंतीआडच्या माणसाचे ऐकून येतो, यावर त्याच्या अभ्यासाचे मोल ठरते; आणि गेल्या दोन शतकांत सरशी भिंती पाहणाऱ्यांचीच झाली आहे.

१८३१ साली तोकव्हील आणि बोमाँ हे दोन तरुण फ्रेंच न्यायाधिकारी तुरुंग पाहायला अमेरिकेत गेले. फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट तुरुंगात कैदी वर्षानुवर्षे एकटा कोंडलेला असे. बाहेर काढलाच तर चेहरा झाकून. एकांतात माणूस पश्चात्तापाने सुधारतो, ही त्यामागची धर्मश्रद्धा. तोकव्हील एकेका कोठडीत शिरला, कैद्यांशी एकांतात बोलला, त्यांची उत्तरे त्याने टिपून घेतली. जगाने मात्र उचलला तो नकाशा. १८४२ मध्ये डिकन्सने तोच तुरुंग पाहून हा एकांत म्हणजे मनाचा छळ असल्याचे बजावले, त्याच वर्षी लंडनमध्ये त्याच धर्तीचे पेंटनव्हिल उघडले. १८५१ मध्ये आजच्या ओस्लोतही तसाच तुरुंग उभा राहिला. शतक संपता संपता पोर्ट ब्लेअरला मधला मनोरा, सात पाखे आणि एकेकट्या कोठड्या बांधायला घेतल्या गेल्या. पश्चात्तापाची भाषा तिथवर पोचलीच नाही. सावरकरांनी दशकभर भोगली ती फिलाडेल्फियाच्या सज्जनांच्या कल्पनेची ही वसाहतवादी आवृत्ती.

आता वारी उलटी फिरली आहे. ज्या नॉर्वेने अमेरिकेचा एकांत उसना घेतला, त्याच नॉर्वेत २०१० साली उघडलेला हाल्डेन तुरुंग पाहायला अमेरिकी अधिकारी आणि विद्यार्थी जातात. खुद्द पेनसिल्व्हेनियात चेस्टरच्या तुरुंगात २०२२ पासून स्कँडिनेव्हियन धर्तीचा एक विभाग चालतो. पाहुण्यांच्या छायाचित्रांत हाल्डेनच्या बिनगजांच्या खिडक्या येतात, सामायिक स्वयंपाकघर येते. पहारेकऱ्याचे दोन वर्षांचे शिक्षण आणि कैद्यांसोबत एका टेबलावर बसण्याची त्याची सवय मात्र कॅमेऱ्यात मावत नाही. खरे तर हाल्डेन म्हणजे तेच.

आपल्याकडून तिकडे शिकायला जाणाऱ्यांना हे अधिकच लागू आहे. हाल्डेनची सारी रचना प्रामुख्याने शिक्षा झालेल्या माणसासाठी आहे; भारतीय तुरुंगांत, २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार, चारांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, ज्यांचा गुन्हा अजून ठरायचाच आहे. तेव्हा परदेशी तुरुंगात पाऊल ठेवणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने खिडक्यांची चौकशी मागाहून करावी; अटक झालेला माणूस निकाल लागेपर्यंत इथे किती दिवस आत राहतो, हे आधी विचारावे.