दोष भिंतीचा, शिक्षा खणाला

कंधार हे राष्ट्रकूटांच्या वैभवाचे नगर. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील शिलालेख, जगत्तुंग समुद्र आणि भुईकोट किल्ला यांचा येथील नागरिकाला सार्थ अभिमान आहे. पाहुण्याला किल्ला दाखवताना त्याची छाती फुगते. परंतु तोच नागरिक आजोबांचा वाडा उतरवून त्यातील सागवान घनफुटाच्या भावाने विकतो, तेव्हा त्याला तिळमात्र खंत वाटत नाही. राजाचे बांधकाम तो वारसा आणि स्वतःचे घर अडगळ! या आत्मविस्मृतीला काय म्हणावे?

विकणाऱ्याजवळ उत्तर तयार असते : 'किल्लारी आठवते ना?'

किल्लारी कोण विसरेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाहून परतलेली गावे झोपेत असतानाच लातूर-उस्मानाबाद (आजचे धाराशिव) भागात धरणी हादरली आणि सुमारे आठ हजार माणसे गाडली गेली. शोक खरा होता, भीतीही खरी होती. पण त्या शोकात जो निवाडा झाला, तो चुकीचा होता.

मराठवाड्याचे जुने घर मुळात लाकडी सांगाड्याचे आहे. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तिच्यावर कडीपाट आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. खांबांच्या चौकटीतील एक गाळा म्हणजे खण. घर किती मोठे हे खणांवरून सांगितले जाई. या सांगाड्याभोवती उभी राही ती दोन-अडीच फुटांहून जाड दगडमातीची भिंत.

किल्लारीत माणसे मारली ती या भिंतीने आणि माळवदावर चढलेल्या मातीने. भिंतीचे दोन पदर वेगवेगळे रचलेले. त्यांना बांधणारे आरपार दगड नाहीत, मधल्या पोकळीत दगडगोटे आणि चिखल. धक्का बसताच पदर सुटले आणि भिंती कोसळल्या. माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षे मातीचा थर वाढवत नेलेला. तो भारही जिवावर उठला. मात्र अनेक घरांत भिंती ढासळल्या तरी आतला खण उभाच राहिला आणि त्याच्या आश्रयाने माणसे वाचली, हे भूकंपानंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवून ठेवले आहे. दोष भिंतीचा होता. शिक्षा मात्र खणाला झाली.

खण सर्वगुणसंपन्न होता असे कोणी म्हणणार नाही. खांबाचे बूड कुजते, वाळवी लागते, आडव्या धक्क्यापुढे सांधे दुबळे पडतात. पण त्यावर उपाय आहेत. माळवदावरील जादा माती उतरवणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, दारांच्या वरून सभोवार सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवणे, खांब-तुळईच्या कोनात तिरपे टेकू देणे. भूकंपानंतर शासनाच्या पुनर्वसन कार्यक्रमात अशाच मजबुतीकरणाचा स्वतंत्र भाग होता. तरीही लोकांनी डागडुजी हा गरिबाचा मार्ग मानला आणि सिमेंटचे घर ही प्रतिष्ठा!

सिमेंटला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु अभियंत्याविना, अपुऱ्या सळईने, पाणी न मारता उभे केलेले स्लॅबचे घर भूकंपात सुरक्षित असते, हा भाबडा विश्वास आहे. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यातील भूकंपांनी नांदेड जिल्ह्यालाही हादरे दिले. तो इशारा पुरेसा असावा.

काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत चिणलेल्या भिंतींची 'धज्जी देवारी' घरे २००५ च्या भूकंपात तगली आणि जाणकारांनी त्या पद्धतीची शिफारस केली. ज्या इंग्रजांचे आम्ही सर्व बाबतीत अनुकरण करतो, त्यांचेही पाहावे. लंडनच्या साउथवर्क भागात 'जॉर्ज इन' नावाची लाकडी सज्जांची सराई आहे. १६७६ च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली. १९३७ पासून ती नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि कायद्याने प्रथम श्रेणीची वास्तू म्हणून संरक्षित आहे. तेथे आजही मद्य विकले जाते. ते लोक आपली मद्यशाळा प्राणपणाने जपतात. आम्ही देवघर, माजघर आणि ढाळज असलेला वाडा भंगारात काढतो. हा दारिद्र्याचा नव्हे, न्यूनगंडाचा परिणाम आहे.

कंधार-लोह्यापासून औशापर्यंत उभे असलेले खण मोजले पाहिजेत. तंत्रनिकेतनांनी त्यांची मापे घ्यावीत, नगरपालिकांनी नोंद ठेवावी, घरकुलाच्या नकाशात सुधारलेल्या खणाला जागा मिळावी. खणाचे सांधे जोडणारे सुतार आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या हाताखाली तरुण बसले नाहीत तर ही विद्या त्यांच्याबरोबरच जाईल. आणि वाडा उतरवण्यापूर्वी मालकाने एकदा तरी जाणत्या अभियंत्याला बोलवावे. व्यापाऱ्याला बोलवायला नंतरही वेळ असतो. उतरवलेला खण मात्र पुन्हा उभा राहत नाही.