लाल डागाचा फंडा

सोमवारची सकाळ. एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात डबा, घड्याळात सव्वाआठ. गाडी पार्किंगमधून बाहेर काढता आणि आरशात दिसतो जमिनीवरचा एक लालसर, चिकट डाग! पहिला विचार काय येतो? ‘शेजारच्याच्या गाडीचा असेल.’ दुसरा? ‘शनिवारी बघू.’ तो शनिवार कधी उगवत नाही, हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही.

पण बॉस, गाडी ऑटोमॅटिक असेल आणि डाग लाल असेल तर हा शनिवार उगवायलाच हवा. एसीचं पाणी स्वच्छ असतं, कूलंट हिरवं किंवा गुलाबी पण पातळ, इंजिन ऑइल तपकिरी-काळं. लाल आणि तेलकट म्हणजे बहुतेक वेळा गिअरबॉक्सचं ऑइल. जुन्या गाडीत पॉवर स्टिअरिंगचंही असू शकतं. खात्री करायची सोपी आयडिया : रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा आणि सकाळी डाग नेमका कुठे पडलाय ते बघा.

आधी गाडी कुठली ते बघा

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दात चार वेगवेगळी कुटुंबं राहतात. सेलेरिओबरोबर २०१४ साली भारतात आलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला आपल्याऐवजी यंत्र बसवलेलं. तिथे आजची ही गोष्ट लागू नाही. ड्युअल क्लच असेल तर घरी हात लावूच नका. सीव्हीटीचं ऑइल पूर्ण वेगळं. आपण बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकबद्दल. तिच्या पोटाखाली पत्र्याचा एक उथळ ट्रे असतो, तो पॅन. पॅन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये रबराची किंवा कॉर्कची एक पातळ पट्टी असते, ती गास्केट. गॅरेजच्या भाषेत ‘पॅकिंग’. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन हे पॅकिंग कडक होतं, आकसतं आणि कडेने ऑइल झिरपायला लागतं.

थेंब-थेंबच तर जातंय, एवढं काय त्यात? तर या गिअरबॉक्समध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. इंजिनाची ताकद त्याच्यातूनच पुढे जाते आणि त्याच्याच दाबावर आतले क्लच पकडतात. पातळी उतरली की गिअर पडायला उशीर, मग घसरणं, मग उष्णता, मग आतले क्लच जळणं. पॅकिंगची किंमत एका वीकेंडच्या पिझ्झा-मूव्हीइतकी असू शकते. गिअरबॉक्स गेला तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. कारचा ईएमआय चालू असताना हा धक्का कोणाला परवडेल?

बाणेरला राहणारा आमचा एक आयटीवाला दोस्त. त्याला एका गॅरेजने सांगितलं, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ बिचारा दोन रात्री झोपला नाही. दुसऱ्या मेकॅनिकने खालून सगळं पुसून काढलं, एक फेरी मारून आणली आणि बोट लावून दाखवलं : ऑइल फक्त पॅनच्या कडेने येतंय! पॅकिंग बदललं, विषय संपला.

हात काळे करायचेच असतील तर

गाडी वॉरंटीत असेल तर सरळ सर्व्हिस सेंटर गाठा. नसेल, तर आधी सोसायटीत विचारा, पार्किंगमध्ये असलं काम चालतं का. मग सपाट जमीन, हँडब्रेक, चाकांना अडसर आणि मजबूत जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. दोन मिनिटांसाठीही नाही. जॅक घसरला तर खाली माणूस आहे हे गाडीला कळत नाही. सोबत कोणीतरी हवंच, नुसती रील शूट करायला नाही.

ऑइल कोमट असावं, उकळतं नव्हे. आणि एक मस्त टिप : ऑइल भरायचं झाकण उघडतंय ना, ते *आधी* तपासा. नाहीतर सगळं ऑइल खाली आणि नवं भरायला रस्ताच नाही! ड्रेन बोल्ट नसेल तर एका बाजूचे बोल्ट हळूहळू सैल करा, म्हणजे पॅन तिरका होऊन ऑइल एका कोपऱ्यातून उतरेल. निघालेलं ऑइल मापून ठेवा. अनेक गाड्यांत ते ३ ते ५ लिटर भरतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं.

पॅनमध्ये छोटी चुंबकं असतात. त्यांवर राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ असेल तर नॉर्मल. धातूचे तुकडे, कपचे दिसले तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा. दुखणं पॅकिंगचं नाही. बहुतेक गाड्यांत फिल्टर इथेच असतो, तोही बदलून टाका.

जुनं पॅकिंग खरवडायला प्लॅस्टिकची पट्टी घ्या. लोखंडी पात्याने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच नवी गळती. पुसायला धागे सुटणारं फडकं नको. एक धागा आत गेला तरी ऑइलच्या बारीक वाटा तुंबू शकतात. बोल्टच्या भोकांपाशी पॅनचा पत्रा दबला असेल तर आधी तो सरळ करा. नवं पॅकिंग कोरडंच बसवा. वरून सीलंट फासायचं नाही, कंपनीने सांगितलं असेल तरच.

ताकद नव्हे, अंदाजही नव्हे

घोळ होतो तो इथे. आपल्याकडे ‘घट्ट’ म्हणजे ‘अजून एक झटका’. पॅनच्या बोल्टना अनेक गाड्यांत साधारण ७ ते १२ न्यूटन-मीटरच लागतात. चाकाच्या नटना शंभरच्या आसपास लागतात, म्हणजे विचार करा! जास्त आवळलं की पॅकिंग चेंगरून बाहेर येतं आणि गळती वाढते. वर अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले तर ते दुखणं वेगळंच. म्हणून सगळे बोल्ट आधी हाताने, मग मधून बाहेर, समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्क रेंच भाड्याने किंवा उसना आणा. आणि नेमका आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, माझा नको.

ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं घ्या. जेवढं निघालं तेवढं भरा. मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर, आणि प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबा. पातळी डिपस्टिकवर बघा. डिपस्टिकच नसेल तर लेव्हल प्लगने, ठरावीक तापमानाला, अनेक गाड्यांत ४० अंशांच्या आसपास. ही सोय घरी नसेल तर तेवढं काम गॅरेजकडून करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. जास्त भरलेलं ऑइलही फेसाळतं आणि तेवढंच घातक ठरतं.

आणि प्लीज, जुनं ऑइल गटारात ओतू नका. २०१६च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. डब्यात भरून अशा गॅरेजला द्या, जे ते अधिकृत रिसायकलरकडे पाठवतं.

आपले बाबा स्कूटरचा प्लग स्वतः काढून घासायचे, कारण त्यांना स्कूटर कळायची. आपल्याला गाडीचा फक्त ब्लूटूथ कळतो. पॅकिंग स्वतः बदला किंवा बदलून घ्या, चॉइस तुमचा. पण पुढच्या वेळी कोणी ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ म्हणालं, तर ‘पॅनची कड आधी पुसून बघू या का?’ एवढं विचारता आलं तरी हा शनिवार वसूल!