एक जूनची जन्मतारीख

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत व शाळांत निरोपसमारंभांची दाटी होते. त्या दिवशी निवृत्त होणाऱ्यांपैकी पुष्कळांची नोंदलेली जन्मतारीख १ जून असते. आणि महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला कर्मचारी आदल्या महिनाअखेरीसच निवृत्त होतो, असा नियम आहे. इतकी बालके एकाच दिवशी जन्मावीत, ही निसर्गाची नव्हे, मुख्याध्यापकांच्या लेखणीची करणी होय. मूल सुगीत झाले की दुष्काळात, एवढेच आईबापांस ठाऊक असे. शाळा जूनमध्ये उघडे. तेव्हा प्रवेशापुरते वय भरेल असे वर्ष घालून गुरुजी १ जून लिहून मोकळे होत.

हेतू चांगलाच होता. परंतु त्या एका ओळीने पुढे नोकरीची मुदत ठरली. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती असलेल्या सेवेत एका वर्षाची चूक म्हणजे एका वर्षाचे वेतन. राज्याच्या १९८१ च्या सेवानियमांनुसार दुरुस्तीचा अर्ज नोकरीत शिरल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. निवृत्ती जवळ आली की खरे वय आठवणाऱ्यांची संख्या पाहता हे बंधन योग्यच म्हटले पाहिजे.

शाळेची पायरीच न चढलेल्या शेतमजूर स्त्रीचे काय? वृद्धांसाठीचे निवृत्तिवेतन तिला मिळायचे ते वयाच्या पुराव्यावर, आणि तिच्या आधार कार्डावरील वय बहुधा अंदाजाचे. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या दाव्यात स्पष्ट केले व शाळेच्या दाखल्यावरील तारीख ग्राह्य धरली. म्हणजे फिरून गुरुजींची लेखणीच!

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्माचा दाखला हाच पुरावा राहील, असे सुधारित कायदा सांगतो. दिशा योग्य आहे. मात्र गुरुजींच्या अंदाजाला जी लवचीकता होती, ती या व्यवस्थेत उरत नाही. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच, एकवीस दिवसांत करावयाची असते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा. बीडहून ऊसतोडीस गेलेल्या बाईचे मूल परजिल्ह्यातील कारखान्याच्या परिसरात, कोपीत जन्मले, तर तेथील ग्रामपंचायतीत खेटे घालण्यास तिला मजुरी बुडवावी लागते. हंगाम संपताच टोळी परतते आणि दाखला मागेच राहतो. तेव्हा गळीत हंगामात जन्म-मृत्यू निबंधकाने आठवड्यातून एकदा कोप्यांवर जाऊन नोंदी कराव्यात व टोळीची यादी बाळगणाऱ्या कारखान्यावर जन्म कळविण्याची जबाबदारी टाकावी. त्याचा खर्च एका कारकुनाच्या प्रवासभत्त्याहून फारसा अधिक नाही.