विश्लेषण : पाठ असलेले उत्तर परीक्षेतच का आठवत नाही?

घरी पाठ असलेले उत्तर दहावीच्या पेपरात आठवले नाही, म्हणजे अभ्यास कमी पडला असेच नव्हे. गणिताच्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती ‘नापास झालो तर?’ या विचारानेच अडवून धरलेली असते. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात यावर उपाय मांडला. नववीच्या मुलांनी जीवशास्त्राच्या परीक्षेआधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर उतरवली. एरवी परीक्षेची धास्ती घेणाऱ्यांचे गुण त्यामुळे सुधारले. भीती ओळखून तिला शब्द देणे, हाच भावनिक बुद्धिमत्तेचा पाया. राज्य मंडळाने २०२३ मध्ये पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली. मंडळाचे समुपदेशकही फोनवर असतात. परीक्षा केंद्राबाहेर मात्र पालक ‘घाबरू नकोस’ एवढेच सांगतात. भीती नेमकी कशाची, हे सहसा विचारत नाहीत.